खोडलेलं कलम

अप्पांनी निरोप धाडला होता तो एवढाच: रविवारी अकरा वाजता कारखान्याच्या माडीवर सगळ्यांनी यायचं. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. गेले दोन आठवडे घरात नि कारखान्यात दुसरा विषयच नव्हता.

पॉलिशवाल्याच्या बायकोच्या पित्ताशयात खडे निघाले होते. ऑपरेशन झालं, बाई घरी आली, आणि आठव्या दिवशी विमा कंपनीचं पत्र येऊन थडकलं. पत्रात दोन ओळी होत्या. कलम सात, पोटकलम ‘ग’ अन्वये दावा नामंजूर. पॉलिशवाला कुणाशी भांडला नाही. त्यानं ते पत्र शेजारच्या टर्नरच्या हातात दिलं, टर्नरनं पुढे दिलं, आणि दुपारची सुट्टी व्हायच्या आत बेचाळीसच्या बेचाळीस माणसांनी ते वाचलं. नव्या वर्षाच्या विम्याच्या यादीवर सह्या घ्यायला अप्पांचा थोरला मुलगा, दादा, खाली गेला तेव्हा भट्टीवरच्या लोकांनी यादीला हातसुद्धा लावला नाही. म्हणे, खोट्या कार्डावर आमची नावं कशाला?

अप्पांना ते फार लागलं. पितळी नळांचा हा कारखाना त्यांनी एका भट्टीवर उभा केला होता. ते स्वतः ओतारी. तरुणपणी दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला असताना वितळलेलं पितळ जोडीदाराच्या पायावर सांडलं होतं आणि त्या मालकानं दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा माणूस उभा केला होता. स्वतःचा कारखाना निघाला तसा अप्पांनी एक नेम केला. जो विमा घरच्यांना, तोच कामगारांना. मालकाच्या सुनेच्या पाकिटात जे कार्ड, तेच फरशी पुसणाऱ्या बाईच्या पाकिटात. वीस वर्षं हे चाललं होतं. पाहुण्याला कारखाना दाखवताना अप्पा भट्टी दाखवत, लेथ दाखवत, आणि शेवटी न चुकता हे सांगत. सांगताना त्यांची मान किंचित वर जायची.

आणि आता खाली त्याच विम्याला लोक खोटा म्हणत होते.

अप्पांची मधली मुलगी हे सगळं ऑफिसातल्या आपल्या टेबलावरून बघत होती. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली याच शहरात झाली तेव्हापासून ती अर्धा दिवस कारखान्यात येई. त्याआधी बारा वर्षं एका मोठ्या इस्पितळात विम्याच्या खिडकीवर बसली होती. काचेच्या अलीकडे ती, पलीकडे घाबरीघुबरी झालेली माणसं. घरात मात्र तिच्या कामाचं वर्णन एका वाक्यात होई: ती फॉर्म भरते. थोरला भाऊ, ज्याला सगळे दादाच म्हणत, तो व्यवहार बघणारा. धाकटा यंत्रं बघणारा. आणि मधली फॉर्म भरणारी. तिनं या वाटणीवर कधी वाद घातला नव्हता. बारा वर्षं काचेमागे बसून तिला ऐकून घ्यायची सवय लागली होती.

पत्र आलं त्याच दिवशी दादानं घरी जेवताना निकाल देऊन टाकला होता. कंपनी बदलायची. वहिनीचा भाऊ विम्याचा एजंट होता, त्याच्या कंपनीचा हप्ता कमी आणि कार्डावरचा आकडा मोठा. धाकट्यालाही ते पटलं, कारण त्या कंपनीच्या यादीत शहरातली सगळी झगमगीत इस्पितळं होती. वहिनी काही बोलली नाही, तेव्हा तीही राजी असणार असंच सगळ्यांनी धरलं. मधलीनं फक्त एवढं म्हटलं की बदलायच्या आधी लोकांना विचारू या.

“काय विचारायचं त्यात?” दादा म्हणाला होता. “पत्र वाचलंस ना?”

तरी ती विचारायला निघाली. दुसऱ्या दिवसापासून ती दुपारच्या सुट्टीत एक वही घेऊन खाली उतरायची, माणसाशेजारी रिकाम्या खोक्यावर बसायची आणि दोनच प्रश्न विचारायची. विम्यावर खूश आहात का? आणि का? पहिले दोन दिवस लोक हसले. तिसऱ्या दिवसापासून आपली पाळी कधी येते म्हणून डब्याचं झाकण न उघडता थांबू लागले.

तिला वाटलं होतं, ज्यांना पैसे मिळाले ते खूश असतील आणि ज्यांना नाही मिळाले ते रागावलेले. वहीत तसं उतरेना.

वेल्डरचा हात भाजला होता तेव्हा त्याला शेवटच्या पैशापर्यंत सगळं मिळालं होतं. आणि विम्यावर सगळ्यात जास्त चिडलेला माणूस तोच होता. अकरा वेळा त्याला कंपनीच्या ऑफिसात बोलावलं होतं, एकच कागद तीनदा मागितला होता, हाताला पट्टी असताना सही नीट येत नाही म्हणून परत पाठवलं होतं. “मिळाले हो ताई,” तो म्हणाला, “पण उपकार केल्यासारखे. पुन्हा भाजलो तर घरीच हळद लावून पडेन.”

उलट म्हातारा टर्नर. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा कंपनीनं बरीच कापाकापी केली होती. तो मात्र विम्याचं तोंडभरून कौतुक करत होता. का, तर ऑपरेशनच्या आधी कंपनीतल्या एका बाईचा फोन आला होता. काका, अमुक एवढं बसणार नाही, तेवढी तजवीज करून ठेवा, असं तिनं सरळ सांगितलं होतं. आणि टाके काढायच्या दिवशी तिनं पुन्हा फोन करून, आता चालता येतं का, म्हणून विचारलं होतं. टर्नरला एकच हळहळ होती, त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं.

ओताऱ्याला विमा कधी लागलाच नव्हता, म्हणून त्याच्या मते तो उत्तम होता. पॅकिंगमधल्या दोघींना आपल्या आईवडिलांची नावं कार्डात आहेत हेच माहीत नव्हतं. एकीनं वर्षापूर्वी वडिलांना इस्पितळात ठेवलं होतं, स्वतःच्या गाठीच्या पैशांनी, आणि कार्ड कपाटात पडून होतं. ते ऐकून मधलीला वही मिटावीशी वाटली. त्या बाईचा फॉर्म तिनंच भरला होता. फॉर्म भरला, सही घेतली, आणि त्यात काय लिहिलं आहे ते सांगायचं राहिलं.

पॉलिशवाल्याकडे ती सगळ्यात शेवटी गेली. चौदा महिन्यांपूर्वी कामाला लागलेला माणूस, बोलणं कमी, हात असा की त्याच्या चाकाखालून निघालेल्या नळात बघून दाढी करावी. तो बराच वेळ बोटांवरची काळी भुकटी पुसत राहिला.

“नाही म्हणाले त्याचं एवढं नाही, ताई,” तो म्हणाला. “आधी म्हणाले असते तर आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो असतो. तिथंही चांगलं करतात. पण ही सगळ्या गल्लीला सांगून गेली होती, आमच्या ह्यांच्या कारखान्याचा विमा आहे म्हणून. आता ती दुकानात जायची तरी मागल्या रस्त्यानं जाते.”

ते वाक्य मधलीनं वहीत जसंच्या तसं उतरवलं. मग ऑफिसात येऊन कंपनीच्या शाखेत फोन लावला. तिला हे कलम सातचं पोटकलम ‘ग’ मुळातून बघायचं होतं. ते असं होतं की नव्यानं दाखल झालेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना पित्ताशय, हर्निया, मोतीबिंदू अशा ठरावीक ऑपरेशनांसाठी दोन वर्षं थांबावं लागेल. बारा वर्षं तिनं अशी कलमं पाहिली होती. आणि कारखान्यांच्या गटविम्यात ही अट बहुतेक ठिकाणी काढून टाकलेली असते, हेही पाहिलं होतं. मग आपल्याच विम्यात ती कशी राहिली? चार वर्षांपूर्वी या कंपनीचा विमा घेतला तेव्हाचा मूळ अर्ज तिनं मागवला.

अर्जाची प्रत शुक्रवारी आली. तिसऱ्या पानावर छापील ओळ होती: दोन वर्षांची अट नव्या सदस्यांना लागू राहणार नाही. त्या ओळीवर निळ्या शाईची सरळ रेघ मारलेली होती आणि समासात छोटी सही होती. दादाची ती सही ती लहानपणापासून ओळखत होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर अप्पांच्या सहीची नक्कल करायला दादानं तिलाच शिकवलं होतं आणि त्याच बैठकीत स्वतःचीही सही बसवून घेतली होती.

तो कागद तिनं घडी करून पिशवीत ठेवला.

शनिवारी संध्याकाळी कामगार गेल्यावर ती तपासणीच्या टेबलाशी गेली. विकायला जाणारा प्रत्येक नळ तिथं पाण्याच्या हौदात बुडवून, आत हवा भरून बघायचा असा शिरस्ता होता, आणि शनिवारचे शेवटचे नळ दादा स्वतः बघत असे. बाह्या कोपरापर्यंत सरकवून तो पाण्यावर वाकला होता. तिनं कागद उलगडून त्याच्यासमोर धरला. हात ओले होते म्हणून त्यानं तो घेतला नाही, तसाच वाचला.

“कुणाकुणाला दाखवलास?” त्यानं विचारलं.

“तुलाच.”

दादानं हातातला नळ बाजूला ठेवला. त्या वर्षीची गोष्ट त्यानं मग भिंतीकडे बघत सांगितली. एक मोठी ऑर्डर परत आली होती, तिघं टर्नर सोडून गेले होते, आणि अप्पांना त्यातलं निम्मंसुद्धा त्यानं कळू दिलं नव्हतं. रेघ मारली की हप्ता थोडा खाली येत होता. नवीन माणसं तरणीताठी असतात, त्यांना दोन वर्षांत काय होतंय, असं वाटलं. पुढच्या वर्षी परत घालू, असंही वाटलं.

“मग घातलंस का नाही?”

तो म्हणाला की नाही तरी कंपनी बदलतोच आहोत, नव्या अर्जात ती ओळ ठेवू, विषय संपेल. उगाच जुनी धूळ कशाला उडवायची? अप्पांचं वय बघ.

मधलीला त्याचा राग यायला हवा होता. आलाही होता, शुक्रवारी. पण आता कोपरापर्यंत ओल्या हातांनी उभा असलेला हा माणूस तिला त्या एकट्यानं काढलेल्या वर्षासकट दिसत होता.

“मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “ते तुझं तू सांगायचंस. पण सगळा दोष कंपनीच्या माथी मारून तू उद्या उठलास, तर मी तुझ्याकडे बघणार नाही, एवढं लक्षात ठेव.”

कागद पुन्हा पिशवीत गेला.

रविवारी अकराला सगळे माडीवर जमले. लांब टेबल, भिंतीशी पहिल्या भट्टीचा फोटो, खिडकीतून दिसणारं कारखान्याचं पत्र्याचं छप्पर. अप्पा टोकाला बसले. वहिनीनं थर्मासमधून चहा ओतला. धाकटा आला तो नव्या कंपनीची चकचकीत माहितीपत्रकं घेऊन आणि त्यानं ती पत्ते वाटावेत तशी सगळ्यांपुढे टाकली.

दादा बोलायला उठला. त्यानं हप्ता सांगितला, कार्डावरचा आकडा सांगितला, इस्पितळांची यादी किती लांब आहे ते सांगितलं. आवाज नेहमीसारखा ठाम होता, पण तो बहिणीकडे बघत नव्हता. शेवटी म्हणाला की ज्या कंपनीनं आपल्या माणसाला तोंडघशी पाडलं तिच्याशी संबंध ठेवण्यात अर्थ नाही. धाकट्यानं मान डोलावली. अप्पांनी माहितीपत्रक हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि मधलीला म्हणाले, “तू लोकांना विचारत होतीस म्हणे. काय म्हणतात?”

मग तिनं वही उघडली. तिनं भाषण केलं नाही, नावानिशी ज्याचं त्याचं बोलणं वाचून दाखवलं. वेल्डरचं वाचलं, टर्नरचं वाचलं, वडिलांचं बिल गाठीच्या पैशांनी भरणाऱ्या पॅकिंगवालीचं वाचलं आणि त्यात आपली चूक काय झाली तेही सांगितलं. बेचाळिसांतल्या फक्त पाच जणांनी हप्त्याचा किंवा आकड्याचा विषय काढला होता. बाकी सगळे एकाच गोष्टीभोवती फिरत होते. आपल्याला आधी सांगतात का, आणि फोन केला तर पलीकडे कुणी असतं का. पॉलिशवाल्याचं वाक्य तिनं शेवटी वाचलं. मागल्या रस्त्यानं दुकानात जाणाऱ्या त्या बाईपाशी आल्यावर अप्पांनी हातातलं माहितीपत्रक टेबलावर पालथं ठेवलं.

तोवर गप्प असलेली वहिनी तेव्हा बोलली.

“मला एक सांगायचंय. वाईट वाटून घेऊ नका,” ती नवऱ्याला म्हणाली आणि मग अप्पांकडे वळली. “माझ्या आईचा विमा याच नव्या कंपनीत आहे. मागल्या वर्षी तिला इस्पितळात नेलं तेव्हा मी चार तास फोन कानाला लावून बसले होते. नुसतं संगीत वाजायचं. शेवटी भावाला फोन केला तर तोही उचलेना. उचलून सांगणार काय? त्यालाही आतून कुणी उत्तर देत नव्हतं. भाऊ माझा चांगला आहे. पण त्या चार तासांत मला जे वाटलं ते खाली कुणाला वाटू नये.”

धाकट्यानं तिच्याकडे असं बघितलं की जणू टेबलाचा एक पाय निघाला. दोन दिवसांपूर्वी हीच पत्रकं वहिनीच्या भावाकडून आणताना तो आपण घरच्यांचंच काम करतो आहोत अशा ऐटीत होता. त्याचा चडफडाट कुठेतरी बाहेर पडणार होता, तो बहिणीवर पडला.

“ताई, तुझं सगळं खरं. पण मला एक सांग. दोन वर्षं फॉर्म तूच भरतेस ना? बारा वर्षं इस्पितळात हेच केलंस. मग ही दोन वर्षांची अट तुला दिसली कशी नाही? पॉलिशवाल्याला तू आधी सांगितलं असतंस तर आज आपण इथं बसलोच नसतो.”

अप्पांनी मधलीकडे पाहिलं. रागावून नव्हे, माणूस मोजून घेताना ते बघत तसं.

“तुला ठाऊक होतं हे कलम?”

पिशवी तिच्या मांडीवर होती आणि हात पिशवीवर. एक कागद टेबलावर ठेवला की संपलं असतं. तिला दादाचा श्वास ऐकू येत होता. ती म्हणाली, “ठाऊक असायला हवं होतं, अप्पा. मूळ अर्ज मी पहिल्याच दिवशी मागवायला हवा होता. ती माझी चूक.”

त्यात खोटं काही नव्हतं. पण तेवढंच खरं नव्हतं, आणि ते त्या खोलीत तिच्याखेरीज एकाच माणसाला माहीत होतं.

दादा उभाच होता. त्यानं पुढ्यातली पत्रकं गोळा केली, एकावर एक नीट लावली आणि बाजूला सारली.

“तिची नाही,” तो म्हणाला. “अर्जात ती अट काढून टाकणारी ओळ होती. ती मी खोडली. चार वर्षांपूर्वी, या कंपनीचा विमा घेतला तेव्हा. माझ्या सहीनं.”

धाकट्याचं तोंड उघडं राहिलं. वहिनीनं कप खाली ठेवला. दादा बसला नाही. परत आलेली ऑर्डर, सोडून गेलेले टर्नर, सगळं त्यानं सांगितलं, पण कालच्यासारखं भिंतीकडे बघून नाही, वडिलांकडे बघून. “पुढच्या वर्षी परत घालायचं होतं. विसरलो असं म्हणणार नाही. आठवायचं टाळलं. आणि आता कंपनी बदलून टाकली की कुणाला कळणार नाही, म्हणून मी बदलायला निघालो होतो. ताईला हे शुक्रवारपासून ठाऊक आहे. कागद तिच्या पिशवीत आहे.”

त्यानं तिला ताई म्हटलेलं तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ती त्याच्याहून चार वर्षांनी लहान होती.

खिडकीबाहेर पत्र्यावर कबुतरं चालत होती, त्यांच्या नख्यांचा आवाज येत होता. मग अप्पांनी विचारलं, “ते वर्ष तसं होतं, हे मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही तेव्हा आईच्या दुखण्यात होता.”

अप्पांनी मान हलवली. आई त्या वर्षाअखेरीस गेली होती. “बरं,” ते म्हणाले, आणि त्या एका शब्दात त्यांनी काय काय गिळलं ते मुलांना दिसलं. “सही तुझी, तर खाली सांगायचंसही तूच. उद्या सकाळी भट्टी पेटायच्या आधी. माझ्या वतीनं नाही, स्वतःच्या तोंडानं. त्या बाईचं इस्पितळाचं बिल घरातून जाईल, ते वेगळं. आणि विम्याचं काम आजपासून मधलीकडे. फॉर्म भरायचं नव्हे. ठरवायचं.”

धाकटा उठला, टेबलाला वळसा घालून बहिणीकडे आला आणि तिच्या पाठीमागे नुसता उभा राहिला. माफी मागायची त्याची लहानपणापासूनची हीच तऱ्हा. तिनं मागे न बघता रिकामा कप त्याच्या हातात दिला. तो चहा घेऊन आला.

मधलीचं म्हणणं तिच्याजवळ तयार होतं. शाखेतल्या अधिकाऱ्याशी ती शनिवारी सकाळीच बोलली होती. जुना दावा उघडणार नव्हता, पण नव्या वर्षात ती ओळ परत येणार होती. कंपनी तीच ठेवायची, मात्र दोन अटींवर. कारखान्यासाठी एक माणूस नेमून द्यायचा, ज्याचं नाव आणि फोन कार्डाच्या पाठीवर छापलेला असेल. आणि सही घ्यायच्या आधी सगळी पॉलिसी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची, काय मिळेल ते आणि काय मिळणार नाही तेही. हप्ता थोडा वाढेल, हेही तिनं सांगितलं.

“वाढू दे,” दादा म्हणाला.

सोमवारी सकाळी तो खाली उतरला. मधली जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबली होती. त्यानं पाचच वाक्यं सांगितली. काय खोडलं, कुणी खोडलं, का खोडलं, त्यानं कुणाचं काय झालं, आणि आता काय होईल. आवाज एकदा अडखळला, पण त्यानं वाक्य अर्ध्यावर सोडलं नाही. बेचाळीस माणसं उभी होती आणि त्यातली निम्मी जमिनीकडे बघत होती, जणू चूक त्यांचीच. मधलीच्या मनात आलं की आपल्या भावाला आपण मोठमोठ्या व्यापाऱ्यांशी भाव ठरवताना पाहिलंय, बँकेच्या साहेबाला गप्प करताना पाहिलंय, पण इतका उंच तो कधी दिसला नव्हता.

पॉलिशवाला पुढे आला. तो म्हणाला, “दादा, बोललात ते बरं केलंत. पण हे माझ्या घरी येऊन तिला सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, मीच समजूत घालतोय.”

दादा आणि वहिनी त्याच दिवशी दुपारी गेले. बोळासारखी अरुंद ती गल्ली, दारात वाळत घातलेले कपडे. पॉलिशवाल्याच्या बायकोनं त्यांना आत बोलावलं नाही. तिनं दोन खुर्च्या बाहेर, गल्लीत मांडल्या. वहिनीनं नंतर मधलीला सांगितलं की आधी आपल्याला त्याचं कारण कळलंच नाही. मग आजूबाजूची दारं एकेक करून उघडली तसं कळलं. दादालाही कळलं असावं, कारण तो नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलला. घराघरांत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

शनिवारी वाचन होतं. कामगारांनी घरच्यांना घेऊन यावं असा निरोप होता आणि ती बहुतेक सगळी आली. लेथच्या मधल्या जागेत खोकी पालथी घालून बसायची सोय केली होती. पॉलिशवाल्याची बायको पुढच्या रांगेत येऊन बसली. ताठ बसली होती आणि शेजारणीलाही बरोबर घेऊन आली होती. कार्डावर नाव छापलेली कंपनीची बाईही आली होती. म्हाताऱ्या टर्नरनं तिचा आवाज ऐकला मात्र, तो तडक उठून तिच्यापाशी गेला आणि सगळ्यांत आधी तिचं नाव विचारून घेतलं.

मधली वाचत होती. एकेक कलम आधी जसं लिहिलंय तसं, मग साध्या बोलीत. मध्येच कुणी हात वर करी, ती थांबे, सांगे, कळलं का म्हणून विचारी आणि पुढे जाई. वेल्डरनं तर वाकडेतिकडे सात प्रश्न विचारले आणि सातव्याला सगळे हसले, तोही हसला. आईवडिलांचं कलम आलं तेव्हा पॅकिंगवालीनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. दीड तास झाला. ओतारी भट्टीकडे बघत चुळबुळ करू लागला. कामाच्या दिवशी या वेळेला ती थंड असल्याचं वीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. अप्पांनी त्याला खुणेनंच खाली बसवलं.

अप्पा मागे बसले होते, सगळ्यांसारखे एका खोक्यावर. मधलीनं पान उलटलं तेव्हा तिला मागच्या रांगेत एक हात वर झालेला दिसला. क्षणभर तिला कळेना कुणाचा. मग सगळ्यांनीच वळून बघितलं.

“मोतीबिंदूचं काय?” अप्पांनी विचारलं. “माझ्या डोळ्यांत उतरायला लागलाय. किती थांबायचं?”

घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दादा उठायला गेला, वहिनीनं त्याचा हात धरला. मधलीसमोर बेचाळीस घरं बसली होती. तिनं बोट कलमावर ठेवलं आणि वेल्डरला सांगितलं होतं, पॅकिंगवालीला सांगितलं होतं, त्याच स्वरात सांगितलं, “मोतीबिंदू यात बसतो. थांबायचं नाही.”

अप्पांनी हात खाली घेतला नाही.

“मोठ्यानं सांग, ताई,” ते म्हणाले. “मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे.”